गिरणीच्या जागेवरचं एक साल

१० मे २०२४, शुक्रवार

ही डायरी रत्नाची. शाळेत कुठल्याशा प्रकाशकाने शिक्षकांना वाटलेली, जानेवारीपासून कोरीच होती. "तिथे बोलायला कोणी नसेल तर हिच्याशी बोला," म्हणाली. बायकोने नवऱ्याला डायरी देणं म्हणजे स्वतःची सुटका करून घेणं. माझी हरकत नाही.

एस.टी.तून निवृत्त होऊन आठ महिने झाले. नोकरीतली बरीचशी वर्षं स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. जळगावच्या घरात पंख्याकडे बघत पडण्यापेक्षा बरं, म्हणून ही नोकरी धरली. पदाचं नाव 'साइट इनचार्ज'. साइट म्हणजे पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून असलेली बंद सूतगिरणी. सत्तर एकर जागा. त्यात पत्रे उडालेली शेड, पडके क्वार्टर, पाण्याची टाकी, आणि उरलेल्या जागेत वेडी बाभूळ. गिरणी बुडाली, बँकेने लिलाव केला, मुंबईच्या एका कंपनीने घेतली. गेटजवळची ऑफिसची खोली हेच माझं घर. शनिवारी रात्री जळगाव, सोमवारी परत.

कंपनीतर्फे पियुष नावाचा मुलगा सगळं बघतो. तिशीचा असेल. "सर, आजच जॉइन व्हा, अक्षय्य तृतीया आहे, शुभ दिवस," म्हणाला. मला हसू आलं. आमच्या खान्देशात याच दिवशी, अखाजीला, शेतावरचा सालदार कामाला लागतो आणि पुढच्या अखाजीला सुटतो. मधे सोडता येत नाही, सोडलं तर त्या घराला पुन्हा कोणी उभं करत नाही. माझे आजोबा भडगावला जन्मभर सालदार होते. आमच्या घरात तो शब्द वडिलांनी बंद केला आणि अखाजीही बंद केली. आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षी बरोबर अखाजीला लागलो. रत्नाला फोन करून सांगितलं, "सालदार झालो." ती हसली नाही.

इथे झिपरू मालचे म्हणून वॉचमन आहे. गिरणी चालू होती तेव्हापासून आहे, सगळे आबा म्हणतात. आजोबांचं त्यांनाही सांगून टाकलं. गिरणीच्या मागेच त्यांचं गाव. दुपारी त्यांची बायको सुंदरबाई पुरणपोळी आणि आमरस घेऊन आली. बरोबर नात होती, शीतल. आयटीआय झालेली, इलेक्ट्रिशियन. बाप सुकदेव सुरतेला ट्रकवर. तिला जळगावच्या एका पाइपच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून बोलावणं आलंय, एक जूनपासून.

आबा म्हणाले, "भाऊ, आठे काई सुरू व्हई का, का नुसता बोर्डच?"

तोंडात घास होता. म्हटलं, "व्हणार म्हणजे काय आबा, दिवाळीपर्यंत भोंगा वाजेल. पोरीला कशाला जळगावला धाडता? हिचं काम इथे पक्कं."

तीस वर्षांची सवय आहे. खिडकीसमोर माणूस उन्हात उभा असला की 'येतेच आहे, निघालीय' असं आपोआप तोंडातून जातं. माणसाला बरं वाटतं.

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "पक्कं ना भाऊ?" म्हटलं, "पक्कं." ते उठून घरी गेले आणि नारळ घेऊन आले. गेटच्या दगडावर फोडला, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, एक स्वतः तोंडात टाकला. सण म्हणून असेल. खाल्ला. पोरगी तोवर गेटबाहेर जाऊन उभी राहिली होती.

१९ मे, रविवार

उन्हामुळे जळगावला गेलोच नाही. पत्रा इतका तापतो की खोलीत बसणं मुश्कील. मोठा बोर्ड आलाय, 'प्रस्तावित टेक्स्टाइल पार्क'. पियुषने त्याचे हायवेवरून फोटो मागवले. बोर्ड दिसला पाहिजे, बाभूळ दिसायला नको. मी रस्त्यात आडवा होऊन फोटो काढले.

शीतल रोज सकाळी येते. मी दात घासत असतो तेव्हा ही मीटर खोली झाडत असते. जुन्या वायरी सोडवून गुंडाळून ठेवल्या, उंदरांची घाण काढली. सुट्टीत पोरांना उद्योग लागतो. म्हटलं, "जळगावला कधी निघणार?" तर म्हणे, "आता नाही जायचं, सर." मान खालीच. घरच्यांनी अडवलं असणार. मुलीला शिकवायचं आणि मग उंबऱ्यात बसवायचं, हे आपल्याकडे अजून चालतं. मला आबांचा रागच आला. बोललो मात्र नाही, दुसऱ्याच्या घरातलं आहे.

४ जून, मंगळवार

निवडणुकीचे निकाल. दिवसभर मोबाइलवर बघत बसायचं ठरवलं होतं. सकाळीच पाण्याची मोटर जळाली. शीतलने स्टार्टर खोलून काहीतरी केलं, पुन्हा जोडताना चुकली, आणि खोलीभर जळका वास. आता टाकीत पाणी नाही आणि मी घामाने चिकट.

ओरडलो. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? कोण आहेस तू इथली?" ती माझ्याकडे बघत राहिली. आबा धावत आले. "मोटर मी भरी आनसू भाऊ. पोरले बोलू नका." सायकलच्या कॅरिअरला मोटर बांधून म्हातारा त्या उन्हात पारोळ्याला गेला. आपली नोकरी जाईल म्हणून घाबरला असेल. मला नंतर वाईट वाटलं. संध्याकाळी शीतलला बोलावून बिस्किटं दिली. तिने घेतली आणि खिडकीत ठेवून गेली.

निकाल काही धड बघता आले नाहीत.

११ ऑगस्ट, रविवार

आज गावात कानबाई. माउलीचा नारळ सजवून चौरंगावर बसवलाय, रात्रभर गाणी आणि नाच, उद्या नदीवर विसर्जन. सुंदरबाईने मला जेवायला बोलावलं म्हणून मी थांबलो.

काल गंमत झाली. शीतल खोलीच्या दारात येऊन उभी. "सर, उद्या-परवा कानबाई आहे. सुट्टी घेऊ?" मी म्हटलं, "अगं, मला काय विचारतेस?" ती हलेना. पुन्हा तेच, "घेऊ का?" शेवटी म्हटलं, "घे बाई, आठ दिवस घे." तर म्हणे, "दोनच पुरे." विचित्र पोरगी आहे. हसतही नाही. गावातल्या बाकीच्या मुली आज किती नटल्या होत्या, ही कोपऱ्यात लाइटिंगच्या माळा जोडत बसलेली.

५ सप्टेंबर, गुरुवार

टेक्स्टाइलचा बोर्ड उतरवला. नवीन लागला, 'लॉजिस्टिक हब'. जुन्याच खांबांवर बसवला, फक्त शीतलने वरती फोकस लावून दिला. रात्री हायवेवरून छान दिसतो. पियुष स्वतः आला होता, गाडीतून दोन माणसं घेऊन. त्यांनी ड्रोन उडवला. गावातली सगळी पोरं गेटला लोंबकळून बघत होती.

मी पियुषला विचारलं की काम कधी लागणार, इथल्या लोकांना आशा आहे. तो म्हणाला, "सर, रिलॅक्स. मोठ्या गोष्टींना टाइम लागतो. एकच लक्षात ठेवा, लोकल माणसाचं नाव कुठल्याही कागदावर नको. उद्या कोर्टात उभे राहतात, मी इथे कामाला होतो म्हणून. मग जागा अडकते." बरोबर आहे. आबांचा पगारही एजन्सीतून येतो, म्हणजे कागदावर आबा या कंपनीचे नाहीत. शिकलेल्या पोरांना या गोष्टी कळतात.

जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखा माणूस इथे पाहिजेच होता. लोक तुमचं ऐकतात." बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

६ ऑक्टोबर, रविवार

रत्ना इथे आली. मीच बोलावलं होतं, जागा बघायला. मी तिला सत्तर एकर दाखवत होतो, इथे गोडाउन, इथे ट्रकचा तळ, इथे कॅन्टीन. ती बाभळीचे काटे चुकवत चालत होती. शाळेची शेवटची दोन वर्षं राहिलीत तिची, गुडघ्यांनी हैराण आहे.

टाकीजवळ शीतल शिडीवर होती, व्हॉल्व्ह काढत होती. रत्नाने वर बघितलं आणि मला विचारलं, "हिला काय देता?"

"कोणाला? ती आबांची नात. अशीच येते."

"अशीच?"

"घरी बसून काय करणार?"

रत्ना माझ्याकडे बघत राहिली. वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडे बघते तसं. मग शीतलला खाली बोलावून आपल्या डब्यातला लाडू दिला आणि तिच्याशी बराच वेळ बोलत बसली. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. बसमध्ये बसताना एवढंच म्हणाली, "जरा डोळे उघडे ठेवा." माझा मोतीबिंदू तिला माहीत आहे, तरी टोमणे.

२२ डिसेंबर, रविवार

दमलो आहे. पाय सुजलेत. पण लिहायलाच पाहिजे, आजचा दिवस मोठा होता.

दिवाळी गेली, भोंगा काही वाजला नाही. मधे विधानसभेची आचारसंहिता, मग पियुष परदेशात. आता मात्र मोठी पार्टी आली. बँकेचे दोन साहेब आणि आणखी चार जण. पियुषचा आठ दिवस आधी फोन, "सर, त्यांना काहीतरी लोकल खायला घाला." डिसेंबरात आमच्याकडे पाहुण्याला काय घालतात हे विचारायला नको. शेडसमोर बाभूळ साफ करून घेतली, गावाने ट्रॉलीभर पऱ्हाटी आणून टाकली, कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांच्या आगीत हिरवी लांब वांगी भाजली. बायकांनी लाकडी भांड्यात मुसळाने कुटून भरीत केलं, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. अख्खं गाव चार दिवस राबलं. राबा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण मी सांगितलं होतं की ही पार्टी पक्की आहे.

शीतलने त्याहून मोठं काम केलं. गिरणीचे रस्त्यावरचे दिवे, जे बंद पडल्यापासून लागले नव्हते, ते तिने लावले. तीन आठवडे खांबांवर चढत होती. संध्याकाळी सहाला बटण दाबलं आणि गेटपासून शेडपर्यंत सगळा रस्ता उजळला. आबा डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, रात्रपाळी सुटायची तेव्हा असंच दिसायचं. बँकेचे साहेब म्हणाले, "अरे, इथे तर सगळं चालू आहे." पियुषने माझ्याकडे बघून डोळा मारला.

सगळे पोटभर जेवले. एकाने वांगी गाडीत घालून नेली. दिवे तासाभराने पियुषने बंद करायला लावले, बिल येतं म्हणून.

आबा खूश. "जेवी गयात ना भाऊ, मंग ईतीन." ज्याच्या ताटाला बसलो त्याला पाठ दाखवत नाहीत, असा त्यांचा हिशेब. मलाही तसंच वाटतं. माणूस एवढं जेवून नाही कसं म्हणेल?

शीतल सगळ्यात शेवटी जेवायला बसली. मी म्हटलं, "पोरी, तुझी सोय झालीच समज." ती म्हणाली, "सर, तुम्ही मे महिन्यात पण म्हटले होते." एवढंच. आवाज चढवला नाही, पण मला कुठेतरी लागलं.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

थंडी. सोमवारी सकाळी गेटवर सुंदरबाई खराटा घेऊन हजर. "शीतलले ताप शे. तिना बदली मी उनू. काय करनं शे ते सांगा."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, घरी जा, काही नाही करायचं." तर त्या जाईनात. दुपारपर्यंत सगळं आवार झाडलं. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. आज शीतल आली, चेहरा उतरलेला, आणि मग सुंदरबाई थांबल्या. या लोकांना रिकामं बसवत नाही हे खरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बोर्ड पुन्हा बदलला. या वेळी त्यावर प्रकल्पाचं नावच नाही, नुसतंच 'प्रस्तावित प्रकल्पासाठी राखीव जागा'. मी पियुषला फोन लावतो तर तो उचलत नाही. धुळ्याला एका कामासाठी गेलो होतो, तिथे ओळखीच्या वकिलाने सांगितलं की या जागेवर डिसेंबरच्या शेवटी मोठं कर्ज उचललं गेलंय आणि पैसा दुसऱ्याच कुठल्या शहरातल्या टॉवरला लागलाय. म्हटलं, असेल, मोठ्या कंपन्या असंच फिरवाफिरवी करतात. शेवटी इकडे येतीलच. वकील म्हणाला, "बैसाणे, तुम्ही अजून खिडकीतच बसलाय." तो जुना ओळखीचा आहे, म्हणून चालतं.

परत येताना बसमध्ये झोप लागली नाही.

१४ एप्रिल, सोमवार, भडगाव

जयंतीला गावी आलो. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक, निळे झेंडे, डीजेने कान बधिर. पंडितकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, आता ऐंशी पार केलेले, ओट्यावर बसून होते. मी शेजारी जेवायला बसलो. बोलता बोलता आजोबांचा विषय निघाला. वडील होते तोवर कधी निघाला नव्हता.

काका म्हणाले, "तुना आजाले कागद-बिगद काही नही व्हता. अखाजीले मालक म्हने, तुनं काम पक्कं. मंग नारळ फुटे. गूळ हातवर ठेवा, दोन्हीसनी खादा, का साल लागनं. मंग घरमा कोनी मरो, पाय उचलता येस नही. तू आजारी पडना तं बदली मानूस धाड. सुट्टी लेवानी तं मालकले इचार. पैसा बी साल भरनावरच."

माझा घास तोंडातच राहिला.

काकांना काय झालं ते कळलं नाही. त्यांनी मला पाणी दिलं. मी मिरवणुकीला गेलोच नाही. गच्चीवर येऊन हे लिहितो आहे आणि मागची पानं वाचतो आहे. सगळं मीच लिहिलंय. नारळ, गूळ, कानबाईची सुट्टी, सुंदरबाईचा खराटा. माझ्याच हातानं लिहून मला दिसलं नाही. मला लाज वाटते आहे, आणि ती कुणाला सांगायची हेही कळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिल्या बसने आलो. शीतल मीटर खोलीत होती. दारातच विचारलं, "तू इथे सालानं आहेस?"

तिने पाना खाली ठेवला. "सर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणालो. तिने हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माहीत असून बोलत नाहीत. साहेब लोक असतात तसे. मोटर जळाली तेव्हा तुम्ही म्हटले, कोण आहेस तू इथली. मी घरी जाऊन आबांना म्हटलं, मला जायचं. आबा म्हटले, अखाजीपावत नाही. शब्द मोडला तर गावात तोंड दाखवता येणार नाही."

"पण तू का ऐकलंस? शिकलेली मुलगी तू."

"मला विचारलं कोणी?" आता तिचा आवाज कापत होता. "आबांनी नारळ फोडला. तुम्ही गूळ खाल्ला. दोघांनी माझं वर्ष लावलं. माझ्यासोबतची सोनल जळगावला लागली, तिला आता पर्मनंट करून राहिले. मी इथे कोणासाठी दिवे लावले, सर?"

रडलीही ती उभ्यानेच, पाठ करून, आणि मग पुन्हा पाना उचलला. जळगावच्या त्याच कंपनीची नवीन भरती आहे, पाच मेला मुलाखत. फॉर्म भरलाय. पण ते विचारणार, पास होऊन वर्ष झालं, मधे काय केलं? मधे रिकामी बसलेली मुलगी ते घेत नाहीत. सोनलने सांगितलंय.

दुपारी आबांपाशी गेलो. म्हटलं, "आबा, एकदा तरी बोलायचं होतं." ते म्हणाले, "तुमना आजा बी सालदार व्हता, तुम्हीनच सांगं व्हतं. मी काय सांगू तुमले?"

२२ एप्रिल, मंगळवार

पियुषने शेवटी फोन उचलला. सगळं सांगितलं. म्हटलं, मुलीने वर्षभर काम केलंय, नेमणुकीचं पत्र मागच्या तारखेचं द्या, नाहीतर निदान अनुभवाचा दाखला द्या. तो आधी हसला. गूळ खाल्ला म्हणून नोकरी लागते हे त्याने दोनदा ऐकून घेतलं. मग आवाज बदलला. "सर, नाव कागदावर आलं तर ती जागेवर हक्क सांगेल. तिच्या मागे अख्खं गाव येईल. लेटरहेडला हात लावू नका. आणि तिला उद्यापासून गेटच्या आत घेऊ नका."

मी हो म्हणालो. सवयीने.

रात्री रत्नाला फोन केला. ती म्हणाली, "मला ऑक्टोबरातच कळलं होतं. मला वाटलं, तुम्हीच बघाल." मग, "आता तरी बघा." तिने माझ्यावर ओरडावं असं वाटत होतं. ओरडली नाही.

शीतलला मी गेटवर अडवलं नाही. ती आली, मीटर खोली झाडली आणि गेली.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी

सकाळी तिघं आले. आबा धुतलेल्या धोतरात, सुंदरबाई, मधे शीतल. आबांनी हात जोडले. "साल भराई गयं भाऊ. आमनाकडथून काही कमी-जास्त व्हयनं व्हई ते पोटमा घाला. पोरले मोकळी करा."

जोडलेल्या हातांकडे मला बघवेना. मी ते हातात घेतले. "आबा, पोटात तुम्ही घाला."

नारळ मी आणला होता. गेटच्या त्याच दगडावर फोडला. गुळाचा खडा शीतलच्या हातावर ठेवला. या वेळी तिच्या; मागच्या वेळी तो मी आणि आबांनी खाल्ला होता. म्हटलं, "तू मोकळी आहेस. तुझं तू ठरव." तिने तो लगेच खाल्ला नाही, मुठीत धरून ठेवला. रत्नाने स्वतःकडचं पैशांचं पाकीट दिलं होतं. शीतलने हात पुढे केला नाही. सुंदरबाईंनी घेतलं, न उघडता पदराला बांधलं आणि म्हणाल्या, "बाईले सांगा, भेटनं."

मग ऑफिसात जाऊन कंपनीचं लेटरहेड काढलं. गेली तीस वर्षं रोज खोटं बोललो, पण लिहून कधी दिलं नव्हतं. आज खरं लिहून द्यायचं तर दोन कागद फाडले. लिहिलं: कु. शीतल सुकदेव मालचे यांनी १० मे २०२४ ते ३० एप्रिल २०२५ या काळात या जागेवर इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. मोटर जळाल्याचं लिहिलं नाही. रस्त्यावरचे दिवे त्यांनी सुरू केले, एवढं मात्र लिहिलं. खाली सही, शिक्का.

शीतलने उभ्या उभ्या वाचलं. "सर, हे चालेल का पण?"

म्हटलं, "माहीत नाही. पण खरं आहे."

शिक्का मारलेल्या दाखल्याचा फोटो काढून मीच पियुषला पाठवला. त्याला नंतर कुठूनतरी कळण्यापेक्षा बरं. पाच मिनिटांत फोन आला. घेतला नाही. पंख्याखाली जाऊन झोपलो, आणि गेल्या आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

५ मे, सोमवार

नोकरी शनिवारी गेली. किल्ल्या एजन्सीच्या माणसाने नेल्या. आबांना ठेवलंय, ते कागदावर नाहीत म्हणून वाचले. सामान एका पिशवीत मावलं.

सकाळी निघताना आबा गेटवर उभे होते. खिशातून फडक्यात बांधलेला गूळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "तुमनं बी साल भरनं भाऊ. तुमले मोकळं करनारं आठे कोनी नही, म्हनीसन मी करस." गूळ तोंडात टाकला आणि बाभळीकडे बघत राहिलो.

हायवेच्या थांब्यावर शीतल होती, इस्त्री केलेला ड्रेस, फाइल पोटाशी धरलेली. मुलाखत अकराला. जळगावची बस साडेसातची, आठ वाजत आले तरी पत्ता नव्हता. समोर बोर्ड दिसत होता. त्यावरचा फोकस भर उन्हात चालूच राहिलेला. तिने एकदा तिकडे बघितलं, बंद करायला जावं की काय असं तिच्या मनात आलं असावं. गेली नाही.

घाम पुसत ती म्हणाली, "सर, तुम्ही एस.टी.त होते ना? येईल का गाडी?"

तोंडाशी आलं होतं. गिळलं.

"माहीत नाही," म्हटलं. "अर्धा तास बघू. नाही आली तर ट्रक थांबवू."

तिने मान हलवली. पिशवी खाली ठेवून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि पारोळ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करू लागलो.